कादर मास्तरांचं एक विशेषण

कादर मास्तर फार चांगले होते, एवढं एक वाक्य लिहून मी हा लेख इथेच संपवू शकले असते. लिहायला बसलं की आखडणाऱ्या माझ्या गुडघ्यांना आणि वाचणाऱ्यांना तेच सोयीचं झालं असतं. पण ते वाक्य मास्तरांच्या हाती पडलं असतं तर त्यांनी 'चांगले' या शब्दाभोवती लाल शाईचा एक गोल काढला असता, वही माझ्याकडे परत सरकवली असती आणि म्हटलं असतं, "दाखव."

मास्तरांना जाऊन कैक वर्षं झाली, तरी असा शब्द लिहिताना माझा हात अजून अडखळतो. याला लोक गुरुकृपा म्हणत असतील. मी त्याला जुनं दुखणं म्हणते.

तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा नव्हता, सगळा मिळून एकच चांदा जिल्हा. आम्ही चामोर्शीचे. घरची तळ्याखालची धानाची शेती होती. मास्तर चांद्याचे. त्यांचे वडील भांड्यांना कल्हई करत. कल्हई झालेलं पातेलं गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ते आतून फडकं फिरवत आणि उजेडाकडे धरून कुठे काळं राहिलं का बघत. मुलाने इंग्रजीचा मास्तर होऊन धंदा बदलला, सवय बदलली नाही. आमच्या वह्या ते टेबलावर तपासत नसत. एकेक वही घेऊन खिडकीपाशी जात, डोळ्यांसमोर आडवी धरत आणि वाक्य आतून वाजवून बघितल्यासारखे मान हलवत. उंच, वाळके, मे महिन्यातही लांब कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि चालताना मान शरीराच्या दोन पावलं पुढे.

विशेषणांशी त्यांचं वैर होतं असं गावात म्हणत. ते खरं नाही. त्यांचं विशेषणांवर इतकं प्रेम होतं की कुठलंही विशेषण फुकट जाऊ द्यायला ते तयार नसत.

आम्ही नववीत असताना एका मुलाने निबंधात लिहिलं की माझं गाव ब्यूटिफुल आहे. झालं. खिडकी, मान, लाल गोल. मग भर बारा वाजता मास्तरांनी अख्खा वर्ग बाहेर काढला. चाळीस मुलगे आणि आम्ही तीन मुली, डोक्यावर वह्या धरून गावातून निघालो, ब्यूटिफुल शोधायला. कुणी देवळाचा कळस दाखवला. मास्तर म्हणाले, त्यातलं काय? कुणी तळं दाखवलं. मास्तर म्हणाले, तळ्यात काय आहे? पाणी. पाणी तं माह्या बादलीतही आहे. कमळं दाखवली तर मोजायला लावली. पायांना चटके बसत होते आणि हे गृहस्थ तळ्याच्या पाळीवर शांत उभे. शेवटी तो मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला की मास्तर, तो बुढा म्हशीच्या पाठीवरची जळू काढून राह्यला अन् ती डोळे मिटून उभी आहे, तेवढं मले पाहत राहावंसं वाटते, बाकी मले काई माहीत नाई. मास्तरांनी पुष्कळ वेळ त्या म्हशीकडे बघितलं. मग म्हणाले, "आता हे लिव्ह. अन् तो शब्द लिहू नको."

परत आलो तर शाळेत तपासणीसाहेब रिकाम्या वर्गात एकटे बसलेले. हेडमास्तरांचा चेहरा पांढरा. मास्तरांनी साहेबांना नमस्कार करून सांगितलं की वर्ग वेळेवरच सुरू आहे, फक्त इथी नव्हता.

वर्गापुरतं असतं तर आम्ही सोसलं असतं. पण मास्तर चोवीस तास मास्तर होते. बाजारात वांगी ताजी आहेत म्हणणाऱ्या बाईला ते देठ कधी तोडला, कुठल्या वेळी तोडला विचारत, तोवर ती वांगी दुसऱ्याच्या पिशवीत गेलेली असत. त्यांची बायको सकीनाभाभी माझ्या आईची मैत्रीण. ती एकदा आईला सांगत होती की मी यांना म्हटलं, मले बरं वाटून नाई राह्यलं. तर म्हणाले, कुठी? म्हटलं, सारं अंग. म्हणाले, सारं म्हणजे कुठून कुठपर्यंत? "मंग मी म्हटलं," भाभी म्हणाली, "तुमच्यामुळे बरं नाई. आता दाखवू का?" आई हसून हसून पाट सोडून उठली. भाभी हसली नाही. तिला खरंच दोन दिवस ताप होता.

आमच्या भागातले रेंजरसाहेब बदलून चालले तेव्हा शाळेने त्यांना इंग्रजीत मानपत्र द्यायचं ठरवलं. लिहायचं काम अर्थातच मास्तरांकडे. त्यांनी चार दिवस गावात चौकशी केली आणि तीन वाक्यं लिहून आणली. साहेब पाच वर्षं इथे होते. त्यांच्या काळात सरपणाचा पास मागितला त्याच दिवशी मिळे. त्यांनी पाळलेलं हरीण दोनदा शाळेच्या बागेतला पालक खाऊन गेलं. हेडमास्तर कपाळाला हात लावून बसले. उदार, थोर, विशाल अंतःकरणाचे, हे कुठे आहे म्हणाले. मास्तर म्हणाले, तुम्ही पाह्यलं असन तं सांगा, लिहितो. मग हेडमास्तरांनी स्वतःच रात्रभर बसून दोन पानी मानपत्र तयार केलं आणि समारंभात वाचलं. मास्तर पहिल्या रांगेत होते. प्रत्येक विशेषणाला ते हळूच, स्वतःशीच, पण पहिल्या रांगेतून म्हणत होते, "दाखव." साहेबांनी तीनदा वळून बघितलं. त्या दिवशी मास्तरांना सरबत मिळालं नाही, आणि आपल्याला ते का मिळालं नाही हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आता माझ्याकडे येते. टाळता आलं असतं तर टाळलं असतं, कारण त्या वेळची मी काही बघण्यासारखी नव्हते. सतरा वर्षांची, मॅट्रिक पास, आणि गावात मॅट्रिक पास झालेली मुलगी मी एकटीच, त्यामुळे विहिरीवरदेखील मी पाणी भरायला नाही तर दर्शन द्यायला जात असे. मॅट्रिकनंतर एक वर्ष घरात बसले होते. ब्रह्मपुरीकडचं एक स्थळ मला बघून गेलं होतं आणि त्यांनी होकार कळवला होता. मला नागपूरला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन शिक्षिका व्हायचं होतं. बाबा चिडले, मग गप्प झाले, मग एके दिवशी जेवताना म्हणाले की अर्ज कर. नागपूरचं बोलावणं आलं तर जा. नाही आलं तर वैशाखात लग्न, आणि मग तोंड वाकडं करायचं नाही.

अर्जासोबत एक कागद जोडायचा होता. शिक्षिका का व्हायचं आहे ते इंग्रजीत, स्वतःच्या अक्षरात, एक पान. खाली इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांची सही, की हे हिनेच लिहिलं आहे आणि त्यांना ते पटतं. पुढच्या शुक्रवारपर्यंत कागद नागपूरला पोचला पाहिजे होता. गावातून टपालाची थैली मंगळवारी आणि शुक्रवारी जाई. मी गुरुवारी सकाळी कागद घेऊन मास्तरांच्या ओट्यावर गेले. हिशेब असा की पाच मिनिटांत सही, दुसऱ्या दिवशीच्या थैलीत कागद.

कागदाच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं की शिक्षणावर माझं इन्टँजिबल प्रेम आहे.

हा शब्द मला मास्तरांच्याच जुन्या डिक्शनरीत सापडला होता. ज्याला हात लावता येत नाही ते इन्टँजिबल, असा तिथे अर्थ दिलेला. आता हात लावायचा नाही म्हणजे काय, तर आमच्या घरात आजीचं सोवळं. वळणीवर उंच वाळत घातलेलं, पवित्र. म्हणजे माझं शिक्षणावरचं प्रेम सोवळ्यातलं आहे, नागपूरच्या बायांनी ते वाचून पदर सावरावा, असा माझा बेत. आज आठवलं की त्या पोरीला त्याच वळणीवर वाळत घालावंसं वाटतं.

मास्तर कागद घेऊन ओट्याच्या कडेला उजेडात गेले. लाल गोल आला.

"दाखव."

मी तयारीत होते. म्हटलं, मास्तर, ज्याले हात लावता येत नाई तेच तं इन्टँजिबल. ते दाखवता आलं असतं तर मी दुसरा शब्द लिहिला असता.

मला वाटलं मास्तर हरले. ते उलट खूश झालेले दिसले, आणि मास्तर खूश झाले की आपलं काम लांबलं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ते म्हणाले, "अर्थ बरोबर आहे बाई. अर्थ डिक्शनरीत असते. आता वापर सांग. हात लागत नाई, डोळ्याले दिसत नाई, अन् तरी आहे, हे तुले कायच्यावरून समजलं? ज्याच्यावरून समजलं ते घेऊन ये. मंग सही."

मी तिथल्या तिथे सुरू केलं. वारा. ते म्हणाले, वारा तुझ्या केसाले हात लावून राह्यला. भाताचा वास. ते म्हणाले, नाक काय तुझं नाई? देव, मी म्हटलं. ते म्हणाले, देवाले मधात आणू नको, त्याची सही मी करत नाई. भीती, मी म्हटलं, वाघाची. वाघ पाह्यला काय? नाई पाह्यला. "मंग ते तुझी भीती नाई, तुझ्या आजीची आहे. तिले अर्ज करू दे."

भाभी आतून म्हणाली की अवो, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, करून टाका सही. मास्तर म्हणाले, म्हणूनच तं.

शुक्रवारची थैली गेली. मी घरी येऊन रडले, भांडी आपटली, आणि कादर मास्तर ब्रह्मपुरीवाल्यांना आतून मिळाले आहेत असं आईला सांगितलं. आईने शनिवारी मला तिच्या भावाकडे पाठवून दिलं. चैत्र लागला होता, मोहफुलं पडायला लागली होती, मामीला वेचायला हात हवे होते, आणि आईला घरात दोन दिवस शांतता हवी होती.

मामाचं गाव जंगलाला टेकलेलं. निम्मी घरं गोंडांची, निम्मी आमच्यासारख्यांची. मोहफुलं पहाटे पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. रविवारी मी घरातल्या सगळ्यांच्या आधी उठले आणि एकटीच टोपली घेऊन गेले. उद्देश मदतीचा नव्हता. चामोर्शीची मॅट्रिक पास मुलगी कामातही पुढे आहे हे मामीला दाखवायचं होतं. रानात शिरल्यावर पहिल्या दोन झाडांखाली बायका बसल्या होत्या. त्यांच्या पुढे एक मोठा मोह होता आणि त्याच्याखाली कुणीही नव्हतं. जमिनीवर फुलांचा नुसता थर. कालची सुकलेली खाली, आजची ताजी वर. मी मनात म्हटलं, या बायांना डोळे नाहीत काय. पाऊण तासात टोपली शिगोशीग भरून घरी.

मामीने टोपली बघितली आणि विचारलं, कोणत्या झाडाखालची? मी सांगितलं. मामीने टोपली उंबऱ्याबाहेर सरकवली. ते सोमीबाईचं झाड होतं.

मी म्हटलं, सोमीबाई कोण? आणि झाड तिचं कसं? ते तर सरकारी जंगलात आहे. कुंपण नाही, खूण नाही, कुठे लिहिलेलंही नाही.

"लिहावं काऊन लागते?" मामी म्हणाली. "तिची आजेसासू वेचत होती, मंग सासू, आता सोमीबाई. दोन दिवस झाले बुढी तापात पडून आहे. म्हणून फुलं तशीच आहेत. साऱ्या बाया तिथूनच जातेत, तुले एकीनं तरी सांगितलं नाई काय?"

कुणी काही बोललं नव्हतं. पण आता आठवलं, मी वेचत असताना पलीकडच्या झाडाखालच्या दोघी हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, मॅट्रिकमुळे बघतायत.

टोपली डोक्यावर घेऊन मी सोमीबाईच्या घरी गेले. मामी सोबत आली नाही. तुझं तू निस्तर म्हणाली. म्हातारी दारातच बाजेवर पडली होती. मी टोपली खाली ठेवली आणि जे काय पाठ केलं होतं ते म्हटलं. तिने एक फूल उचलून बोटांनी दाबून बघितलं, कालचं की आजचं. मग मला विचारलं, कोणाची तू? मी सांगितलं. ती म्हणाली, "नवी आहेस. तुले कसं समजन." बस, एवढंच. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. परत येताना मी मुद्दाम त्या झाडाकडून आले. धुळीत बायकांच्या पावलांची वाट पडली होती, झाडापर्यंत सरळ आलेली, मग सावलीच्या कडेने वळसा घालून पुढे गेलेली. सावलीत फक्त माझी पावलं होती.

मंगळवारी दुपारी चामोर्शीला पोचले, तेव्हा थैली सकाळीच निघून गेली होती. पुढची शुक्रवारची, म्हणजे नागपूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. बाबा म्हणाले की उद्या मी येतो तुझ्यासोबत मास्तराकडे, हे एकदाचं मिटवून टाकू. मिटवून टाकू म्हणजे वैशाखातलं लग्न, हे मला बरोबर समजलं.

बुधवारी सकाळी आम्ही मास्तरांच्या ओट्यावर. बाबा एका टोकाला, मी दुसऱ्या, मध्ये मास्तर. मी सोमीबाईच्या मोहाची सगळी गोष्ट सांगितली. कुठलाही शहाणा माणूस तिथे वा म्हणाला असता. मास्तरांनी चौकशी सुरू केली. फुलांचा थर किती जाड होता? दोन दिवसांचा की तीन? पावलं वळली ती झाडाच्या कोणत्या अंगाने? गुरं का नाही आली खायला? मी म्हटलं, राखणारे पोरंही ढोरं वळवून नेत असतील. मास्तर म्हणाले, असतील म्हणू नको, पाह्यलं काय? नाई पाह्यलं. मंग ते सोड. बाबांनी आभाळाकडे बघितलं. चहा थंड झाला, भाभीने तो नेऊन पुन्हा गरम करून आणला, तोही थंड झाला.

शेवटी मास्तर म्हणाले, "म्हणजे तिच्या हक्काले हात नाई लागत. पण बायांचे पाय त्याच्यापाशी आले अन् वळले. इथी तो शब्द बसते. अस्सा बसते." आणि त्यांनी माझा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "आता इथी बसते काय, ते तूच पाह्य."

मी बघितलं. शिक्षणावर माझं इन्टँजिबल प्रेम आहे. माझ्या लेखी सोवळं वळणीवरून खाली पडलं. मी रागाने म्हटलं, नाई बसत. काढून टाकते. करा सही.

"काढल्यावर त्या जागी काय?"

माझा बांध तिथे फुटला. समोर बाबा आहेत हे मला दिसत होतं आणि तरी मी बोलत सुटले. म्हटलं, तिसरीच्या बाई हिवतापाने पडल्या होत्या तेव्हा मी पंधरा दिवस त्यांचा वर्ग घेतला, कोणी सांगितलं नव्हतं. "ब्रह्मपुरीचे लोक मले पाहायले आले त्या दिवशी मी वर्गात होती. वजाबाकी शिकवून राह्यली होती. बाबांचा दोनदा निरोप आला. निरोप भेटला नाई म्हणून मी घरी खोटं सांगितलं. भेटला होता. घंटा झाल्याबिगर मी उठली नाई. खडूचे हात धुवायचे राह्यले, तशीच जाऊन बसली त्यांच्यापुढे. एवढंच आहे माह्यापाशी. त्याले प्रेम म्हणतेत काय, मले माहीत नाई."

बाबांना निरोपाची गोष्ट आत्ता कळत होती. पाहुण्यांसमोर त्यांनी पाऊण तास एकट्याने धानाच्या जातींवर गप्पा मारून वेळ काढला होता, हे मला माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मास्तरांनी माझ्यापुढे नवा कागद आणि स्वतःची फाउंटनपेन ठेवली. "लिव्ह," म्हणाले. "जसं बोलली तसं."

मी लिहिलं. पाऊण पान झालं. त्यात एकही मोठा शब्द नव्हता, आणि मला तो कागद अगदी भिकार वाटला. मास्तर तो घेऊन उजेडात गेले. मान हलली. मग त्यांनी तो बाबांना मराठीत वाचून दाखवला, निरोपाच्या वाक्यासकट, काही न गाळता. मग ओट्यावर कागद टेकवून सही केली.

बाबा म्हणाले, "पण मास्तर, टपाल तं काल गेलं." आणि उठून निघून गेले. मला वाटलं, संपलं. मी तिथेच बसून राहिले. मास्तरांना बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी दाखवलं होतं की गुरुवारनंतर शुक्रवार येतो. अर्ध्या तासाने रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बाबा गाडी जुंपून आले होते. म्हणाले, नदीपर्यंत मी सोडतो. पलीकडून मूल गावाची मोटार भेटन. तिथून आज रातच्या रेल्वेच्या छोट्या गाडीत कागद पडला तर उद्या नागपूरला.

मूलला कोण जाणार यावर वाद झाला नाही. मास्तर टोपी घालून गाडीत बसले. बाबांनी मी जातो म्हणून बघितलं, पण मास्तर म्हणाले की कागदावर सही माझी आहे, भिजली तं माझी भिजन. पाकीट उघडंच ठेवलं. मूलच्या पोस्टात खळ चांगली असते, तिथे चिकटवतो म्हणाले.

त्या उन्हाळ्यातच, बोलावणं येऊन मी नागपुरात गेले असताना, मास्तरांची बदली सिरोंचाकडे झाली आणि ते मला पुन्हा दिसले नाहीत. त्याआधी गावात येता-जाता दिसले असतील, पण माझ्या लेखी त्यांचं शेवटचं दर्शन ते वैनगंगेवरचंच.

चैत्रातली वैनगंगा म्हणजे वाळूच फार आणि मधोमध कमरेपेक्षा कमी पाणी. मास्तरांनी कोटाचा घोळ वर खोचला, जोडे हातात घेतले, पाकीट टोपीत ठेवून टोपी डोक्यावर दाबली आणि पाण्यात उतरले. आम्ही दोघं काठावर. ऊन तापलं होतं. पलीकडे मोटार उभी दिसत होती, आणि तिचा ड्रायव्हर चढणाऱ्यांना हाका मारत होता. मास्तर निम्म्यापर्यंत गेले आणि थांबले. जोडे बगलेत धरले. टोपी काढली. पाकिटातून कागद काढला, डोळ्यांसमोर आडवा धरला आणि नदीत उभे राहून वाचायला लागले.

मी खाली वाळूवर बसले. मला वाटलं, आता हे परत येतील. आता हे परत येतील आणि म्हणतील, 'उठली नाई' म्हणजे कशी नाई उठली, दाखव.

मास्तरांनी कोटाच्या वरच्या खिशात हात घातला. मग डाव्या खिशात. मग जोडे दुसऱ्या बगलेत घेऊन उजव्या खिशात. मग आतल्या खिशात.

माझ्या शेजारी बाबांनी सदऱ्याच्या खिशातून मास्तरांची फाउंटनपेन काढली, तिचं टोपण नीट बसलं आहे ना ते बघितलं आणि परत खिशात ठेवली.

"सही झाली तवाच उचलली मी," बाबा म्हणाले. नजर नदीवरच होती. "ह्या माणसाचा भरवसा नाई."

मास्तर पाण्यात आणखी थोडा वेळ उभे राहिले. मग कागद पाकिटात गेला, पाकीट टोपीत, टोपी डोक्यावर, आणि ते पलीकडच्या वाळूकडे चालायला लागले.